गंधकाम्लाची बाटली

वैष्णवीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होते. वैष्णवी माझी जुनी विद्यार्थिनी. रत्नागिरीत आमच्याकडे तीन वर्षं रसायनशास्त्र शिकली आणि आता आंबेकोंडच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आंबेकोंड म्हणजे माझंच गाव, हातखंब्यावरून आत नऊ किलोमीटर. आणि ते हायस्कूल म्हणजे माझी शाळा.

"मॅडम, प्रयोगशाळेची कौलं उतरवून स्लॅब टाकतायत," ती म्हणाली. "कपाटं रिकामी करायचीयत. आत साठेक बाटल्या आहेत, अर्ध्यांची लेबलं कसरीनं खाल्लीयत. मला हात लावायला भीती वाटते. शनिवारी याल का?"

"येते की."

"आणि मी भागोजीमामांना पण बोलावलंय. तुम्ही आम्हाला वर्गात सांगायचात ना, तेच मामा. मी ती गोष्ट माझ्या मुलांना सांगितली, तर मुलं मागेच लागली, आम्हाला बघायचेत म्हणून."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ब्युरेट धुऊन झाली होती, ती मी उगीचच पुन्हा एकदा धुतली.

ती गोष्ट मी दर जूनला, पहिल्या प्रॅक्टिकलला सांगते. सोळा-सतरा वर्षं सांगत आले आहे.

भागोजी गोताड आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी. उंच, सडसडीत, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक चिंधी. प्रयोगशाळा म्हणजे चिऱ्याची एक लांबट खोली, दोन कपाटं, एक पाण्याचं पिंप आणि बारा परीक्षानळ्या. त्या बारांवर चाळीस मुलांचे प्रयोग व्हायचे. आमचे विज्ञानाचे कीर सर मोठ्या उत्साहाचे, पण त्यांच्या हाती वस्तू टिकत नसत. त्यामुळे सगळं काचसामान मामांच्या जिवावर.

लिटमस कागद जूनमध्ये यायचे आणि श्रावणापर्यंत ओल लागून निकामी व्हायचे. मग मामा शाळेच्या कुंपणाची लाल जास्वंद तोडून आणत. पाकळ्या टिपकागदावर घासत, कागद वाळवत आणि कात्रीनं पट्ट्या कापत. ती जांभळट पट्टी आमसुलाच्या पाण्यात बुडवली की लालभडक व्हायची आणि चुन्याच्या निवळीत बुडवली की हिरवी. आम्ही घरून काय काय आणायचो! ताक, कच्ची करवंदं, राख कालवलेलं पाणी, आजीच्या डबीतला चुना. एकदा मी साबण आणला होता. आंघोळीचा साबण आम्लारी निघाला तेव्हा आम्हाला केवढं मोठं गुपित हाती लागल्यासारखं वाटलं होतं. आठवडाभर मी घरात दिसेल त्या वस्तूला पट्टी लावत सुटले. आई तेव्हा काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. चिकानं तिची बोटं काळी पडलेली, सोललेली असायची. मी तिच्या बोटांनासुद्धा पट्टी लावली. ती हसली आणि म्हणाली, "काय निघालं? पास का नापास?"

हे सगळं मी वर्गात सांगत नाही. वर्गात सांगते ते जानेवारी नव्व्याण्णवचं. मी दहावीत होते. प्रॅक्टिकलची तयारी चालली होती. जस्ताचे तुकडे आणि विरल गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, यांपासून हायड्रोजन करायचा होता. सरांनी सांगितलं होतं, बाटलीतलं आम्ल विरल आहे, तरी त्यात आणखी थोडं पाणी लागेल. आणि फळ्यावर लिहून ठेवलं होतं: आधी पाणी, मग आम्ल. तेवढ्यात हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं.

मला पहिला नंबर हवा होता आणि हायड्रोजनही सगळ्यांच्या आधी हवा होता. मी परीक्षानळीत आधी आम्ल घेतलं आणि वरून पाणी ओतलं.

नळी तडकली. तोंडासमोर काहीतरी उसळलं, तापलेल्या तेलात पाणी पडल्यासारखा आवाज झाला. मामा बाजूलाच नळ्या विसळत होते. त्यांनी माझ्या तोंडापुढे हात घातला. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं त्यांच्या हातावर गेलं.

ओरडले नाहीत. पिंपाशी गेले, तांब्यानं पाणी घेत राहिले, हातावर ओतत राहिले, पिंप अर्धं होईपर्यंत. मग सोड्याचं पाणी. हेडमास्तर धावत आले आणि त्यांनी विचारलं, "कोणाच्या हातून झालं हे?" मी मान खाली घातली. मामा म्हणाले, "माज्याच हातून, सर."

मामांना मेमो मिळाला. नोकरीत कायम करण्याचा कागद दोन वर्षं लांबला. मी गप्प राहिले. त्या दिवशी राहिले आणि पुढेही राहिले. आईलासुद्धा सांगितलं नाही. माझा पहिला नंबर आला. रत्नागिरीला बारावी, पुढे कोल्हापूरला एम.एस्सी., मग नोकरी. दर मे महिन्यात गावी गेले की मामांकडे जाऊन यायचे, शर्टाचं कापड न्यायचे. ते कापड घेत, चहा पाजत आणि जमिनीकडे बघत बसत. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

एम.एस्सी.ला असताना एकदा मनात आलं होतं, विरल आम्लात पाणी ओतलं तर ते इतकं उसळणार नाही. त्यावर मी स्वतःच उत्तर दिलं, म्हणजे बाटलीसुद्धा तू चुकीचीच उचलली होतीस. एका चुकीच्या दोन चुका झाल्या, एवढंच.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा मामा व्हरांड्यात बसले होते. सत्तरी ओलांडलेली, केस पांढरे, पण पाठ ताठ. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली.

"कवा निघालीस गो?" त्यांनी विचारलं.

"साडेसातला. तुम्ही कसे आलात?"

"चालत. दोन मैल ता काय."

आत नववीची अकरा मुलं होती. आमच्या वेळी एका वर्गात चाळीस असायची. निम्मी घरं आता मुंबईला. मुलांना मी दारापाशी बसवलं, वैष्णवीला चष्मा आणि हातमोजे दिले आणि मामांनाही दिले. त्यांनी मोजे उलटेसुलटे करून पाहिले, "आमच्या टायमाला ह्या न्हवता," म्हणाले आणि घातले.

कपाट उघडलं आणि तो वास आला. थोडा उग्र, थोडा गोडसर, जुन्या लाकडाचा आणि अमोनियाचा. मी तिथेच थांबले. चाळीस मुलं, खिडकीतून येणारं ऊन, कीर सरांचा खडूनं भरलेला कोट. सर जाऊन आता आठ वर्षं झाली. मामांनीही श्वास घेतला.

बाटल्यांवर पांढरी पुटं चढली होती. ज्ञानेश्वरी नावाच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही धूळ का?"

"धूळ नाही, क्षार आहे," मी म्हटलं. "अमोनियाच्या बाटलीतून थोडा अमोनिया निसटतो, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीतून थोडी त्याची वाफ. दोघं हवेत भेटतात आणि नवसागर होऊन काचेवर बसतात."

"कीर सर धूर करून दाखवायचं," मामा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली एक बाटली उचलून जवळ आणली, बूच किंचित सैल केलं, हातानं वारा घालून वास घेतला. "ह्यो अमोनिया." दुसरी बाटली उघडली तशी तिच्या तोंडाशी दमट हवेत बारीक वाफ दिसली. दोन्ही तोंडं जवळ आणल्याबरोबर मधल्या मोकळ्या जागेत दाट पांढरा धूर उभा राहिला. मुलं एकदम "आई शप्पथ!" म्हणाली. मामांनी बाटल्या बंद केल्या. कीर सर त्या धुरावर फुंकर घालून म्हणायचे, एक झोंबणारा, दुसरा भाजणारा, आणि लेकरू किती शांत बघा. मी ते मुलांना सांगितलं. मामा हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग आम्ही एकेक बाटली घेतली. लेबल असलेल्यांवर मामांचं अक्षर होतं, वर मराठीत, खाली इंग्रजीत, ठसठशीत, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं. लेबल नसलेल्या मामा ओळखत आणि मी तपासत. एकीचं काचेचं बूच काही केल्या निघेना. "कॉस्टिक सोडा," मामा म्हणाले. "तो काच खातो, मंग बूच धरून बसतो. मी रबराचा लावायचो. हा कुनी बदलला?" निळे खडे बघून मुलंच ओरडली, मोरचूद. त्यांच्या घरी सुपारीवर फवारायला तो चुन्यात कालवतात. एका निवळ पाण्यात मी नळीनं फुंकर घातली, ते दुधासारखं झालं. चुन्याची निवळी. पाऱ्याची आणि शिशाची संयुगं मी वेगळ्या खोक्यात ठेवली. ती शाळेत जिरवायची नव्हती, विल्हेवाट लावणाऱ्यांकडे मी पाठवणार होते.

शेवटी तळाच्या फळीवरची तपकिरी बाटली राहिली. लेबल नाही. मामांनी ती दोन्ही हातांत धरून नुसती तोलली.

"गंधकाम्ल. नि पानी न घातलेला. जड हाय बग."

मी घेतली. पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. तिरकी केली तर आतलं तेलासारखं सावकाश सरकलं.

आणि नेमकं तेव्हाच वैष्णवी म्हणाली, "मुलांनो, हेच ते आम्ल. मामा, दाखवा ना मुलांना तुमचा हात. मॅडमना वाचवताना भाजलेला."

अकरा मुलं उठून उभी राहिली. मामांनी बाहीचं बटण चाचपलं, लावलेलंच आहे याची खात्री केली. "काय बगायचाय त्यात," म्हणाले आणि बाटली तिथेच ठेवून बाहेर निघून गेले.

वैष्णवी गोरीमोरी झाली. "माझं काही चुकलं का मॅडम?"

"नाही. मुलांना सुट्टी दे थोडी," मी म्हटलं आणि बाटली घेऊन त्यांच्यामागे गेले.

शाळेच्या मागे कातळाशी आम्ही सकाळीच एक मोठा प्लॅस्टिकचा ड्रम पाण्यानं अर्धा भरून ठेवला होता. शेजारी शिंपल्यांच्या चुन्याची गोण. आम्ल पाण्यात सोडायचं आणि चुन्यानं शमवायचं, असा बेत होता. मामा गोणीवर टेकून बसले होते.

मी आम्लाची बारीक धार पाण्यात सोडायला लागले. ड्रमला हात लावला, कोमट झाला होता. थांबले, पुन्हा सोडलं. मामा उठले आणि बांबूनं ढवळायला लागले.

"वैष्णवीबाईंनी फोनवर सांगितलंनी," ते म्हणाले. "तू दरवर्सी पोरांना माजी गोष्ट सांगतस म्हनून. मना ठाव न्हवता."

"सांगते. खरी गोष्ट आहे, मामा. मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता सांगते."

"खरी न्हाय गो ती."

मी बाटली खाली ठेवली.

"त्या दिसाच्या आदल्या सांजला बाटल्या भरल्या कुनी? मी. दोन बरण्या हुत्या, सारख्याच. एकीव पानी घातलेला, सरांनी करून ठेवलेला. दुसरीव बिनपान्याचा. वर इंग्रजीत लिवलेला. मना तवा इंग्रजीचा एक अक्षर वाचता येत न्हवता. मी शब्दाच्या लांबीव ओळकायचो. त्या वर्सी नवीन माल आला, लेबल निराळा. मी उलटा भरला."

"म्हणजे..."

"तुज्या हातात बाटली होती, तीवर विरल लिवलेला. आत विरल न्हवता. हाताव पडला तवाच मना शंका आली. विरल असा भाजत न्हाय. सांजला समदी गेल्याव चिमूटभर साखर घेतली नि त्या बाटलीतला थेंब टाकला. बगता बगता काळी झाली. कोळसा."

ढवळणं थांबलं होतं. पटांगणात मुलं ओरडत होती.

"हेडमास्तरांना मी म्हनालो, माज्याच हातून. ता खोटा न्हवता गो. खराच बोललो. तुमाला वाटला, मामांनी पोरीला पाठीशी घातलंनी."

मला पहिल्यांदा राग आला. खरंच आला. ते आम्ल माझ्या डोळ्यांत गेलं असतं. चोवीस वर्षं मी कुठल्याही बाटलीचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय तिला हात लावलेला नाही. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा, वर्गात शिकवताना, त्या मान खाली घातलेल्या मुलीची मला लाज वाटलेली आहे.

"कोणाला सांगितलंत?"

"कीर सरांना. दुसऱ्याच दिशी. सरांनी दार लोटलंनी. मंग म्हनाले, आता कुठं बोलू नको, घरी बसवतील तुला. नि त्याच दिसापासून शाळा सुटल्याव मना एबीसीडी शिकवाय लागले. रोज अर्दा तास. पावसाळा सुरू होईतो मना समद्या बाटल्या वाचता येत हुत्या."

"आणि मला?"

मामांनी बांबू ड्रमला टेकवून ठेवला. "तुला सांगनार हुतो. रिझल्ट लागला की सांगू म्हटला. मंग तू पयली आलीस. रत्नांग्रीला गेलीस. मंग मे महिन्यात कापड घेऊन आलीस. माजी बायको मैना म्हनाली, आता तरी सांगा त्या पोरीला. मी कापड हातात घेऊन बसलो. कसा सांगू? नि दरवर्सी ता आनीकच कठीन होत गेला. तुजी तेवीस कापडा घरात हायत. शिवली दोनच."

मी ड्रमच्या कडेला हात टेकून उभी राहिले. मामांच्या घरातली ती बैठक आठवली, जमिनीकडे बघणारे मामा, आणि मी समोर, मनातल्या मनात माफी मागत. दोघंही एकाच गोष्टीपायी एकमेकांकडे बघू शकत नव्हतो आणि दोघांनाही ती आपली एकट्याची वाटत होती.

"मामा," मी म्हटलं, "पण पाणी मीच ओतलं होतं. फळ्यावर लिहिलेलं असताना."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय. ता तुजा. बाटली माजी."

"आणि कीर सर वर्ग सोडून गेले ते?"

"ता सरांचा," मामा म्हणाले आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. हातात मोजे होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. मामांनी हातातला मोजा उतरवून खिशातली चिंधी काढली. स्वच्छ होती. मी मान पुढे केली, त्यांनीच माझे डोळे टिपले.

"हात कशाला पुढे घातलात मग?" मी विचारलं. "तेव्हा तर शंका नव्हती."

"तुजा तोंड हुता ना पुढं," ते म्हणाले. जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

उरलेलं आम्ल पाण्यात सोडून झाल्यावर आम्ही चुना टाकायला घेतला. गोण जुनी होती, चुन्यानं हवा खाल्ली होती, निम्मा खडू झाला होता. त्यामुळे ड्रममध्ये टाकला की फसफसायचा आणि वर फेस यायचा. आवाजानं मुलं धावत आली. मी त्यांना लांब उभं केलं. जास्वंदीची पट्टी ज्ञानेश्वरीनं करून आणली होती. बांबूच्या टोकाला थेंब घेऊन मी तो तिच्या पट्टीवर टेकवला. लाल. आणखी चुना. पुन्हा लाल, पण फिकट. चौथ्या-पाचव्या वेळी पट्टीचा जांभळा रंग तसाच राहिला.

"संपलं आम्ल?" एका मुलानं विचारलं.

"संपलं. आता खाली पांढरं बसलंय ते जिप्सम. हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात ना, ते याच्यापासूनच करतात."

वैष्णवी अजून ओशाळलेलीच होती. "सॉरी हं मामा," ती हळूच म्हणाली.

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीच खूण केली नाही. त्यांनी मोजे काढले, बाहीचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. आतल्या बाजूला चामडी चकचकीत, सुरकुतलेली, कोंबड्याच्या पायासारखी. मुलं पुढे सरकली.

"बाईंनी तुमाला सांगितलंनी ती गोष्ट अर्दी हाय," मामा म्हणाले. "मी त्या दिशी चुकीच्या बाटलीत चुकीचा आम्ल भरला हुता. मना लेबल वाचता आला न्हाय, नि कुनाला विचाराय लाज वाटली. म्हनून ता झाला. विचारला असता तर सरांनी सांगितला असता."

वैष्णवी माझ्याकडे बघत राहिली. मग ज्ञानेश्वरीनं विचारलं, "मामा, लय दुखलं?"

"दुखला तर! महिनाभर भात डाव्या हातान खाल्ला."

"आणि आता?"

"आता काय न्हाय. थंडीत खाजता जरा."

मुलांना तेवढ्यानं बरं वाटलं असावं. कुणी चामडीला बोट लावून पाहिलं, कुणी विचारलं की आम्लानं दगड जळतो का. मामा उत्तरं देत होते. एका मुलानं बाजूची धुतलेली, लेबल असलेली बाटली उचलली, तीत पाणी भरून ओतून दाखवलं, मी असं ओतीन म्हणाला.

"तसा न्हाय," मामा म्हणाले. त्यांनी बाटली त्याच्या हातून घेतली आणि फिरवून पुन्हा त्याच्या मुठीत दिली. "लेबलाची बाजू तळहाताकडं ठेव. म्हंजे थेंब गळला तरी लेबलाव जानार न्हाय, मागच्या बाजूनं जाईल. लेबल जगला तर पुढच्यास वाचता येल. कर बगू."

त्यानं केलं. मग बाकीची दहा मुलं रांगेत उभी राहिली आणि मामांनी प्रत्येकाच्या मुठीत ती बाटली नीट बसवून दिली.